पाच लाखांची देणगी, दहा टॅब आणि गावातलं वाचनालय

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुमचं पलूस तालुक्यातलं ड वर्गाचं (म्हणजे शासनाच्या अनुदानाच्या वर्गवारीत सगळ्यात खालचं) वाचनालय, तुम्ही नुकतेच कार्यवाह झालात, गावचे एक उद्योजक पुण्याला असतात त्यांनी पाच लाख द्यायची तयारी दाखवलीय आणि त्यावरून संचालक मंडळात दोन तट पडलेत. एक तट म्हणतोय दहा टॅब, एक मोठा टीव्ही आणि वायफाय घेऊ, पाटीवर ‘डिजिटल वाचनालय’ लिहू. दुसरा म्हणतोय मोबाईलवर सगळं फुकट मिळतंय, पुस्तकं नेतंय कोण, हॉल अभ्यासिकेला भाड्यानं देऊ आणि पुस्तकं हायस्कूलला देऊन मोकळं होऊ. आणि तुम्हाला विचारायचंय की बरोबर कोण, आणि मुळात अजून वीस वर्षांनी गावात वाचनालय राहणार आहे का.

मी सांगली जिल्ह्यातच तालुक्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, देवघेवीच्या टेबलामागं बसून आयुष्य गेलंय, आणि आजूबाजूच्या छोट्या वाचनालयांना दाखल नोंदवही, तपासणी, अनुदानाचे कागद यात मदत करत आलेय. तेव्हा हे सगळं माझ्या टेबलाच्या बाजूनं बघून लिहितेय.

मला वाटतं तुमच्या बैठकीत वाद चाललाय तो कागद का स्क्रीन असा, आणि म्हणूनच तो मिटत नाही. खरा प्रश्न असा आहे की गावातल्या माणसाला मोबाईलवर जे मिळत नाही असं तुमच्याकडं काय आहे, किंवा काय असू शकतं. मोबाईलवर जे मिळतंय त्यात आपण मोबाईलशी शर्यत लावायची नाही, ती आपण हरणारच आणि हरायला हरकतही नाही. जे मोबाईलवर मिळत नाही ते माझ्या अनुभवात तीनच गोष्टी आहेत. शांत बसायला जागा, गावाचा स्वतःचा छापलेला ठेवा, आणि विचारायला माणूस. पाच लाख या तीन गोष्टींवर गेले तर वाचनालय टिकेल असं मी छातीठोकपणे सांगेन. टॅबवर गेले तर तीन वर्षांनी पैसेही नसतील आणि टॅबही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथं बसून ठरवता येणार नाहीत. इमारत स्वतःची आहे का ग्रामपंचायतीची, नदीपासून किती लांब आणि किती उंचावर, गावात आधीच खाजगी अभ्यासिका आहे का, हायस्कूल गावातच आहे का पोरं एसटीनं बाहेर जातात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळी दार उघडं असतं का. यातलं एक जरी बदललं तरी खालचे आकडे इकडचे तिकडे होतील.

आता टॅबचं का नको ते सविस्तर सांगते, कारण बैठकीत तुम्हाला हेच विचारणार. टॅब घेतला तर त्यात वाचायला काय देणार? लोकांना वाटतं ई-बुक विकत घेतलं की पुस्तकासारखंच झालं, एकानं वाचलं की दुसऱ्याला द्यायचं. तसं नसतंय. छापील पुस्तक एकदा विकत घेतलं की वाचनालय ते शंभर जणांना देऊ शकतं, त्याला कोण अडवत नाही. ई-बुक ॲपवर घेतलं तर ते एका खात्यापुरतं वाचायचा परवाना असतो, वाचनालयानं ते सभासदांना फिरवणं त्या अटींत बसत नाही. परदेशात वाचनालयांसाठी वेगळ्या परवान्याची ई-बुकं असतात, लोक घरबसल्या मोबाईलवर वाचनालयाचं पुस्तक ‘नेतात’ आणि मुदत संपली की ते आपोआप परत जातं. मराठी पुस्तकांसाठी आपल्या खेड्यातल्या वाचनालयाला परवडेल अशी सोय आज माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि कुणीतरी पेनड्राइव्हमधून हजारभर पीडीएफ आणून देईल, ‘हे घ्या मॅडम सगळं मराठी साहित्य’, ते बिलकुल घेऊ नका. आपल्याकडं लेखक वारल्यानंतर पुढं 60 वर्षं हक्क चालतो, म्हणजे 1964 मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन 2025 पासून मोकळं झालं, आणि पुढं दर जानेवारीला हे साल एकेकानं पुढं सरकतं. अनुदान घेणाऱ्या संस्थेनं चोरीच्या फाईली ठेवणं शोभत नाही, आणि ज्या लेखक-प्रकाशकांच्या जिवावर आपण उभे आहोत त्यांचाच तो घास आहे.

मग मोकळं आणि कायदेशीर असं काय आहे? भरपूर आहे. मराठी विश्वकोश, जो आपल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केला, तो ऑनलाइन आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या साइटवर उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरनं चालवलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांच्या मराठी गोष्टी आहेत ज्या छापून वाटल्या तरी चालतात. पण हे सगळं वाचकाच्या स्वतःच्या मोबाईलवरही उघडतंय ना! त्यासाठी दहा टॅब कशाला? त्यासाठी भिंतीवर एक चांगला छापलेला तक्ता पाहिजे, कुठं काय मिळतं याचा, आणि ‘हे कसं उघडायचं’ ते दाखवणारा एक माणूस. मी असाच तक्ता लावलाय आणि कंपन्यांच्या जाहिराती बघून बघून कंटाळलेल्या पोरांना विश्वकोश फुकट आहे हे तिथं पहिल्यांदा कळतं.

आपल्याच भागातल्या एका वाचनालयात टॅब आले होते, नाव सांगत नाही. उद्घाटनाला फोटो झाले, मग ते हरवतील म्हणून कपाटात गेले, किल्ली एका संचालकांकडं, ते बाहेरगावी असले की टॅब बंद. न वापरता बॅटऱ्या फुगल्या. हे कुणाचा दोष म्हणून सांगत नाहीये, दहा किमती वस्तू सांभाळायला अर्धवेळ मानधनावरचा एकच माणूस असेल तर तो त्या कुलपातच ठेवणार.

आता दुसऱ्या तटाचं म्हणणं. त्यांचं निम्मं बरोबर आहे आणि ते बैठकीत मान्य करा, भांडण निम्मं तिथंच मिटेल. जाड कादंबऱ्यांची देवघेव कमी झालीय, सगळीकडं झालीय. रहस्यकथा, सामाजिक कादंबऱ्या नेणारी पिढी म्हातारी झाली, दुपारी ज्या बायका दोन दोन पुस्तकं न्यायच्या त्या आता मोबाईलवर मालिका बघतात, त्यात त्यांचं काय चुकलं? पण म्हणून ‘कुणी वाचत नाही’ हे काही खरं नाही. आमच्याकडं दिवाळी अंक योजनेला आजही लोक हौसेनं पैसे भरतात, ठरावीक वर्गणीत सगळे अंक आलटून पालटून न्यायचे, आणि डिसेंबरपर्यंत एकेका अंकासाठी नंबर लागलेले असतात. बालविभागाची पुस्तकं तर इतकी फिरतात की बाइंडिंग टिकत नाही. आणि शेतकरी येतात. द्राक्षावरच्या भुरी रोगावर यूट्यूबला पन्नास व्हिडिओ असतात आणि पन्नास जण पन्नास औषधं सांगतात, मग माणूस येतो आणि म्हणतो, ‘बाई, विद्यापीठाचं काय पुस्तक हाय का, ह्यातलं खरं कुठलं ते बघायचंय.’ विचारायला माणूस लागतो म्हणते ते यासाठी.

पुस्तकं शाळेला देऊन टाकायचं मात्र अजिबात करू नका. शाळेची वेळ दहा ते पाच, सुट्टीत कुलूप, आणि शाळेत गावातली सून, निवृत्त फौजी, दहावी सोडलेला पोरगा यातलं कोणी पुस्तक मागायला जाऊ शकत नाही. सार्वजनिक वाचनालय ही गावातली एकच जागा आहे जिथं कोणाचंही काम नसताना जाऊन बसता येतं आणि कोणी ‘काय पाहिजे’ म्हणून उठवत नाही. तिथं काही विकत घ्यावं लागत नाही, जात-पक्ष-गट विचारला जात नाही, निदान विचारला जाऊ नये.

अभ्यासिकेचा मुद्दा मी उचलून धरते, फक्त भाड्यानं द्यायला माझा विरोध आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, सातारा काय सांगली काय, पोलीस भरती, आर्मी, एमपीएससी करणारी पोरं-पोरी घरोघर आहेत, आणि घरी दोन खोल्यांत सहा माणसं, टीव्ही चालू, जनावरांचं बघायचं. शहरात खाजगी अभ्यासिका महिन्याला पाचशे-हजार घेतात, मुलीला तिथं उशिरापर्यंत बसू द्यायला घरचे तयार नसतात. गावातल्या वाचनालयात, ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली, मुलगी रात्री आठपर्यंत बसू शकते. नाममात्र फी ठेवा, पण हॉल दुसऱ्याला चालवायला देऊ नका. कारण ठेकेदार पहिल्यांदा काय करेल तर पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून अजून आठ खुर्च्या घालेल. आणि तुमच्याकडून ती पोरं फक्त खुर्ची आणि वायफाय घेऊन जाता कामा नयेत, म्हणून अभ्यासिकेची वाट पुस्तकांच्या रॅकमधून जाईल अशी बैठक करा. आमच्याकडं तसं केल्यावर परीक्षेचा कंटाळा आला की पोरं उठून रॅकपाशी उभी राहायला लागली, आत्मचरित्र, प्रवासवर्णन असलं हातात घ्यायला लागली. त्यातली काही आता नोकरीला लागलीत आणि सुट्टीला आली की पुस्तकं नेतात.

आता डिजिटलकडं येते, कारण मी डिजिटलच्या विरोधात आहे असं वाटायला नको. माझ्या मते पहिलं डिजिटल काम म्हणजे तुमची दाखल नोंदवही. तिच्यात प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल नंबर असतो, म्हणजे वाचनालयाची सगळी मालमत्ता त्या एका वहीत आहे, आणि वही एकच आहे. ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या 1869 सालच्या नगर वाचनालयातसुद्धा पाणी शिरून जुनी दुर्मिळ पुस्तकं भिजली, छोट्या वाचनालयांचं तर विचारूच नका. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या एका गावात आम्ही मदतीला गेलो होतो. लोखंडी रॅकमध्ये पुस्तकं फुगून इतकी घट्ट बसली होती की ओढून निघेनात, रॅकचे पत्रे बाहेरच्या बाजूला वाकले होते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं आतून चिकटून वीट झालेली, ती गेलीच. पण जुनी, खिळे जुळवून छापलेली पुस्तकं चिखलातून काढली तरी अक्षर जसंच्या तसं, कारण छपाईची शाई तेलातली असते, पाण्यात फुटत नाही. आणि ज्या वहीत त्या सगळ्या पुस्तकांची नोंद होती ती शाईच्या पेनानं लिहिलेली, तिची पानंच्या पानं निळी झालेली, एक क्रमांक वाचता येईना. मग पंचनाम्यात काय लिहायचं, किती पुस्तकं गेली, कुठली गेली, कितीची होती? पुस्तकं गेल्याचं दुःख एक आणि ती आपल्याकडं होती हे सांगता न येण्याचं दुःख वेगळंच.

म्हणून आज संध्याकाळीच मोबाईलवर नोंदवहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, याला एक रुपया लागत नाही. फोटो तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाबाहेर. मग सावकाश यादी टाइप करायला घ्या. सॉफ्टवेअर पाहिजे तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-सेवा संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, कोहा आहे जे मूळ न्यूझीलंडच्या वाचनालयांसाठी झालं आणि आज जगभर मोफत वापरतात, पण दोन-तीन हजार पुस्तकांच्या वाचनालयाला सुरुवातीला साधं एक्सेल पुरतं. दोन पथ्यं मात्र पाळा. टायपिंग युनिकोडमध्येच पाहिजे. पूर्वी कितीतरी वाचनालयांनी श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये याद्या करून घेतल्या, पैसे मोजून, आणि आता तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, शोध तर लागतच नाही. दुसरं, लेखकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहा, आडनाव आधी, मग आद्याक्षरं, टिंबांनंतर जागा सोडायची का नाही ते आधी ठरवून घ्या. नाहीतर एकच लेखक यादीत चार ठिकाणी चार माणसं म्हणून दिसतो आणि वाचकाला सांगितलं जातं की पुस्तक नाही, जे मागच्या रॅकमध्ये असतं. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रं मांडली त्यात चौथं आहे ते वाचकाचा वेळ वाचवा, ते याच्यासाठीच. यादी झाली की ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. घरबसल्या यादी बघून पुस्तक मागवता आलं की देवघेव वाढते, हे मी स्वतः बघितलंय, विशेषतः बायकांची, ज्यांना तासभर रॅकपाशी उभं राहायला सवड नसते.

(पुराचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवते. ओल्या पुस्तकांना ऑगस्टच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. जगभर अशी पुस्तकं गोठवून ठेवतात म्हणजे बुरशी थांबते आणि मग सवडीनं वाळवता येतात. आपल्याकडं बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत. ती गोठवण्याइतकी थंड नसतात, पण थंडीत बुरशी मंदावते तरी, म्हणून जी दहा-वीस पुस्तकं खरंच परत मिळणार नाहीत त्यांच्यासाठी ओळखीच्या स्टोरेजवाल्याशी आत्ताच, कोरड्या दिवसांत, बोलून ठेवा. आणि असली पुस्तकं सगळ्यात वरच्या खणात ठेवा.)

यादी करताना तुमच्या हाताला एक वेगळाच ढीग लागणार आहे आणि माझ्या मते वाचनालयाचं खरं भविष्य त्याच्यात आहे. पतसंस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका, साखर कारखान्याचा जुना अहवाल, यात्रा कमिटीचा हिशेब, हायस्कूलचा हस्तलिखित अंक, गावच्या नाटक मंडळींची जाहिरात, तालमीचा फोटो, कुणाच्या तरी आजोबांनी स्वखर्चानं छापलेल्या कविता. हे जगात कुठं नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात नाही, इंटरनेटवर नाही, तुमच्या त्या मागच्या कपाटात आहे आणि वाळवीनं खाल्लं की संपलं. तुमचा भाग म्हणजे कुंडल शेजारी, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला, 1943 ते 46 मध्ये त्या प्रतिसरकारची तुफान सेना जिथं फिरली तो मुलूख. किर्लोस्करवाडी जवळ, जिथून 1920 पासून किर्लोस्करांचं मासिक निघत होतं. सांगली तर 1843 च्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकापासून नाटकाचं गाव. तुमच्या गावात त्या काळातली पत्रकं, पत्रं, फोटो कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर असणारच.

हे स्कॅन करा, डिजिटल म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. महागडं मशिन लागत नाही, दिवसाच्या उजेडात, सावली पडू न देता, सरळ वरून काढलेले फोटो बऱ्याच कामाला पुरतात. चांगला फ्लॅटबेड स्कॅनर घेतला तर 300 डीपीआयला करा. फाईलीला नाव देताना साल, गाव, कशाचं, असं द्या, ‘न्यू डॉक्युमेंट 47’ असं नको. आणि एक आपल्याकडचं गुंतागुंतीचं प्रकरण लक्षात ठेवा, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता, बाकीचा संस्थानांत, 1949 ला दक्षिण सातारा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे 1949 च्या आधीच्या कागदावर तुमचं गाव ‘जिल्हा सातारा’ म्हणून, किंवा संस्थानातलं असेल तर त्या संस्थानाच्या नावानं लिहिलेलं असणार, आणि मधल्या अकरा वर्षांच्या कागदावर दक्षिण सातारा. नोंद करताना जुनं आणि आताचं दोन्ही लिहा, नाहीतर पुढं कोणी सांगली म्हणून शोधेल आणि त्याला काहीच सापडणार नाही. आमच्याकडं एक मुलगी तिच्या पणजोबांचं नाव शोधत आली होती, घरात नुसतं ऐकीव होतं की ते चळवळीत होते. एका शाळेच्या जुन्या स्मरणिकेत सत्कार झालेल्यांच्या यादीत ते नाव निघालं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून आईला व्हिडिओ कॉल लावला. गूगलवर ती वर्षभर शोधत होती असं म्हणाली.

लोकांकडून मागताना ‘द्या’ म्हणू नका, ‘एक दिवस द्या, स्कॅन करून परत देतो’ म्हणा, मग लोक देतात. आणि जिवंत माणसांचे खाजगी कागद, जमिनीचे वाद, कोर्टाची पत्रं असलं काही इंटरनेटवर टाकू नका, भाऊबंदकीत वाचनालय सापडायला नको.

निर्लेखनाबद्दल, म्हणजे जुनी-फाटकी पुस्तकं नोंदीतून रीतसर कमी करण्याबद्दल, थोडक्यात. वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते म्हणून आपण फाटकी, जुनी झालेली, बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं सांभाळत बसतो आणि चांगली पुस्तकं त्यांच्या मागं दडतात. रीतसर यादी करा, मंडळाचा ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला विचारून ती कमी करा, पण संख्या घसरणार नाही इतकी नवी पुस्तकं आधी येऊ द्या. त्यासाठी राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान या ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या समान निधी आणि असमान निधी या योजनांची माहितीही त्याच कार्यालयात मिळेल. आणि कपाटांची काचेची दारं काढून टाका. कुलपाआडचं पुस्तक कोणी मागत नाही, हातात घेऊन चाळता आलं पाहिजे. चार पुस्तकं चोरीला जातील, जाऊ देत.

आता माणसाचं, जे सगळ्यात अवघड आहे. आपल्याकडं 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, कोल्हापूर संस्थाननं तर 1945 लाच केला होता, पण शेजारच्या कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे तसा आपल्या कायद्यात नाही, सगळं शासनाच्या अनुदानावर. 2022 मध्ये अनुदान 60 टक्के वाढवायचा निर्णय झाला तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे 30 हजारांचे 48 हजार झाले. म्हणजे त्या हिशेबानं महिन्याला चार हजार, त्यात ग्रंथपालाचं मानधनही, पुस्तकंही, पेपरही, वीजबिलही. एवढ्या पैशात शिकलेला माणूस दिवसभर बसेल ही अपेक्षा करणंच अन्याय आहे, आणि माझ्या ओळखीचे कितीतरी ग्रंथपाल शेतीच्या किंवा नवऱ्याच्या पगाराच्या जिवावर हे काम करत आलेत. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. गावोगावच्या वाचनालयांचं भविष्य मोबाईलनं धोक्यात आलेलं नाही इतकं ते या पगारानं आलंय.

म्हणून माझा सल्ला असा की पाच लाखांतले अडीच लाख मुदत ठेवीत टाका. सात टक्क्यांनी धरलं तर वर्षाला साडेसतरा हजार, महिन्याला साधारण चौदा-साडेचौदाशे येतील. त्यात गावातली कॉलेजला जाणारी एखादी मुलगी किंवा मुलगा संध्याकाळी दोन तास बसू शकेल, जेव्हा शाळा सुटलेली असते, रानातली माणसं परतलेली असतात आणि तुमचं दार बहुतेक बंद असतं. तिला आपल्या जिल्हा ग्रंथालय संघाच्या प्रमाणपत्र वर्गाला घाला. तीच यादी टाइप करेल, तीच स्कॅन करेल, शनिवारी लहान पोरांना गोष्ट वाचून दाखवेल, कुणाला हॉलतिकीट काढून देईल, शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा भरायचा ते दाखवेल. राहिलेल्या अडीच लाखांत साधारण सत्तर हजारांत एक कॉम्प्युटर, प्रिंटर-स्कॅनर, इन्व्हर्टर आणि दोन हार्डडिस्क, एक लाखात उघडे रॅक, टेबलं आणि चांगले दिवे (दिव्यांवर काटकसर करू नका, आपली वाचनालयं अंधारी असतात), पन्नास हजारांची फक्त मुलांची पुस्तकं, आणि तीस हजार बाइंडिंगला, वाळवीच्या औषधाला, अडीअडचणीला. इमारत ग्रामपंचायतीची असेल तर आधी वापराचा करार लेखी करून घ्या आणि मग रॅक घ्या. गाव पूररेषेत असेल तर फर्निचरमधले थोडे काढून वरचे खण वाढवा.

कोणीतरी बैठकीत म्हणेल आपणही पाचगणीजवळच्या भिलारसारखं, घराघरांत वाचायला पुस्तकं ठेवलेलं ‘पुस्तकांचं गाव’ करू, तुमच्या तालुक्यातलंच अंकलखोप त्या योजनेत आलंय म्हणून. भिलार मे 2017 ला सुरू झालं, चांगलंच आहे, पण त्याच्यामागं शासनाची संस्था उभी आहे आणि पाचगणी-महाबळेश्वरची पर्यटकांची वाट आहे. तुम्हाला गावातलेच वाचक सांभाळायचे आहेत, ते काम वेगळं आहे.

देणगीदारांना हे कसं पटवायचं ते तुम्ही विचारलं होतं. त्यांना टॅबचा फोटो पाहिजे असतो हे खरं आहे, नावाची पाटी दिसली पाहिजे. मग मुदत ठेवीला त्यांच्या आईवडिलांचं नाव द्या आणि ते नाव संध्याकाळच्या वेळेच्या पाटीवर लिहा. स्कॅन केलेल्या जुन्या कागदांत त्यांच्या घराण्याचं, त्यांच्या भावकीचं काही निघतंय का ते पैसे मागायला जायच्या आधी शोधा आणि ते पान छापून घेऊन जा. आणि ठरावात स्पष्ट लिहून घ्या की मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, आणि ठेव संस्थेच्याच नावानं राहील, कुठल्याही पदाधिकाऱ्याच्या नाही. ठरावाचा मसुदा झाला की मला पाठवा, मी बघून देते. तोवर नोंदवहीचे फोटो तेवढे काढून ठेवा, पावसाळ्याच्या आत.